हद्दीबाहेरची कामे कशी मार्गी लावायची: सोलापूर जिल्ह्यातल्या नव्या नगरसेवकांसाठी आणि नगरपरिषद कर्मचाऱ्यांसाठी

नळाला पाणी आले नाही की लोक नगरसेवकाच्या दारात येतात. बार्शीचे उदाहरण घ्या. शहराचे पाणी उजनीच्या जलाशयातून कंदरला उपसले जाते आणि कंदर आहे करमाळा तालुक्यात. धरण जलसंपदा खात्याचे, वीज महावितरणची, पाइपलाइन ज्या रस्त्यांखालून येते ते कुणाकुणाचे. नगरपरिषदेचे काय, तर पंप, पाइप आणि शिव्या. पंढरपूर, सांगोला, अक्कलकोट, कुर्डुवाडी, मोहोळ, कुठेही जा, छोट्या शहराचे निम्मे काम दुसऱ्याच्या टेबलावर असते. ते तिथून हलवायचे कसे, हे डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत निवडून आलेल्यांना सांगणारे फारसे कोणी उरलेले नाही, कारण त्याआधीची तीन-चार वर्षे बहुतेक ठिकाणी प्रशासकच होता.

आधी ‘हे कोणाचे’ ते कागदावर ठरवा

एक जाड रजिस्टर करा किंवा एक्सेल शीट. शहरातला प्रत्येक मुख्य रस्ता, नाला, पूल, पाझर तलाव, मोकळी जागा आणि हद्दीबाहेरची पाइपलाइन यांची त्यात एकेक ओळ. रकाने पाच पुरेत: मालक कोण, पुरावा काय, सध्या देखभाल कोण करते, कोणत्या अधिकाऱ्याच्या कक्षेत, शेवटचे पत्र कधी गेले. अधिकाऱ्याचे नाव लिहू नका, पद लिहा. पुरावा म्हणजे सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा नकाशा, रस्ते हस्तांतरणाचे पत्र. ‘पूर्वीपासून आपलाच आहे’ हा पुरावा नव्हे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बायपास झाल्यावर गावात उरलेल्या जुन्या रस्त्याचा. महामार्ग बाहेरून गेला, आतला तुकडा बेवारस झाला. महामार्गवाले म्हणतात आमचा राहिला नाही, सार्वजनिक बांधकाम म्हणते आमच्याकडे आला नाही. लोक खड्ड्यांवरून ओरडतात म्हणून नगरपरिषद स्वतःच्या निधीतून डांबर टाकते आणि दोन वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप निघतो: मालकीची नसलेल्या मालमत्तेवर खर्च. यावर उपाय एकच. रस्ता ताब्यात घ्यायचाच असेल तर आधी संयुक्त पाहणी, दुरुस्ती करून देण्याची लेखी अट आणि मगच सभेचा ठराव. खड्ड्यांसकट रस्ता घेऊ नका. एकदा घेतला की तो कायमचा तुमचा.

कोणाच्या दारात जायचे

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा तुमचा मूळ कायदा. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांची नगरपरिषदेवर देखरेख असते आणि कलम ३०८ खाली ते तुमच्या ठरावाची अंमलबजावणी रोखू शकतात. रोजचा संबंध मात्र जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगर प्रशासन शाखेशी, म्हणजे जिल्हा सहआयुक्तांशी येतो. बहुतेक प्रस्ताव याच टेबलावरून पुढे जातात. इथल्या लिपिकाची त्रुटींची यादी एकदा नीट समजून घेतली तर पुढचे सहा हेलपाटे वाचतात.

त्यानंतर प्रांत आणि तहसीलदार. प्रांत कार्यालय तुमच्याच गावात असेल असे नाही: सांगोल्याचे मंगळवेढ्याला, करमाळ्याचे कुर्डुवाडीला. महावितरणचा सोलापूर मंडलाचा कारभार बारामती परिमंडळाखाली चालतो, त्यामुळे मोठ्या मंजुऱ्या सोलापूरच्याही वर जातात. पाणीपुरवठा आणि भुयारी गटाराच्या योजनांना तांत्रिक मान्यता महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. जिल्हा परिषदेचा तुमच्यावर अधिकार नाही, पण हद्दीला लागून असलेल्या सगळ्या ग्रामपंचायती तिच्या पंखाखाली आहेत. तिथल्या गटविकास अधिकाऱ्याशी संबंध ठेवा.

एक गोष्ट नव्या नगरसेवकांच्या लक्षात उशिरा येते. तुमच्या लेटरहेडवरचे पत्र समोरच्या कार्यालयात ‘निवेदन’ म्हणून आवक होते आणि निवेदनांच्या गठ्ठ्यात बसते. मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचे, जावक क्रमांक असलेले पत्र ‘प्रकरण’ होते आणि त्याची नस्ती, म्हणजे फाइल, उघडते. लेटरहेड जरूर वापरा, पण त्यात मुख्याधिकाऱ्यांच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख टाका.

पत्र असे लिहा की त्यावर टिप्पणी लिहिता यावी

समोरचा कनिष्ठ अभियंता किंवा लिपिक तुमच्या पत्रावरून टिप्पणी तयार करून साहेबांपुढे ठेवणार असतो. त्याला लागणारा मजकूर तुम्ही आयता दिला नाही तर तो पत्र खाली ठेवतो. ‘नागरिकांची तीव्र गैरसोय होत असून तातडीने कार्यवाही व्हावी’ यात कार्यवाही काय करायची ते कुठे आहे? त्याऐवजी:

‘विषय: राज्यमार्गावरील कि.मी. ___ येथे २०० मि.मी. व्यासाच्या जलवाहिनीसाठी आडवे पुशिंग करण्यास परवानगी मिळणेबाबत. संदर्भ: १) सर्वसाधारण सभा ठराव क्र. ___ २) आपल्या उपविभागासोबत दि. ___ रोजी झालेली संयुक्त पाहणी. उपरोक्त विषयास अनुसरून, सदर काम १२ मीटर लांबीचे असून रस्त्याचा पृष्ठभाग न फोडता करावयाचे आहे. नकाशा व काटछेद सोबत जोडला आहे. पुनःस्थापनेचा खर्च भरण्यास नगरपरिषद तयार आहे. मागणीपत्र मिळावे, ही विनंती.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे: एका पत्रात एकच मागणी, आणि ती समोरच्याला त्याच्या अधिकारात पुरी करता येईल अशी. चार विषय एका पत्रात घातले की पत्र चार टेबलांवर फिरते आणि चौथ्यावर हरवते. पोच घ्या. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, त्यानंतर वरच्या अधिकाऱ्याला अर्धशासकीय पत्र. पहिल्याच दिवशी वर तक्रार केली तर खालचा माणूस कायमचा दुखावतो, आणि फाइल शेवटी त्याच्याकडेच येते.

पाणी: सगळ्यात लांबची साखळी

आधी पाणी आरक्षणाचे मंजुरीपत्र शोधा. कोणता उद्भव (पाण्याचा स्रोत), किती दशलक्ष घनमीटर (दलघमी), कोणत्या वर्षापर्यंतच्या लोकसंख्येसाठी, हे त्यात असते. मग स्वतः हिशेब करा. समजा लोकसंख्या ३०,००० आहे आणि भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटरचा निकष धरला, तर रोजची गरज ४०.५ लाख लिटर, वर्षाची सुमारे १.४८ दलघमी. गळती धरून १.७ म्हणा. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, म्हणजे तुमच्या शहराला वर्षाला जेमतेम ०.०६ टीएमसी लागते. भुयारी गटार नसेल तर निकष ७० लिटरचा आहे. जुन्या योजना त्यावर बेतल्या असतील तर आरक्षण अपुरे पडणारच.

मागणी एवढी छोटी, मग अडते कुठे? नदीतून पाणी घेणाऱ्या शहरांचे अडते ते वाटेत. उजनीतून भीमेत सोडलेले पाणी सोलापूर शहरासाठी औज बंधाऱ्यापर्यंत यायला आठवडा-दहा दिवस जातात. वाटेत वाळूत मुरते, डोह भरतात, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे भरतात, दोन्ही काठांवरचे कृषिपंप चालतात. शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावे लागते ते यामुळे. म्हणून नदीत पाणी सोडायच्या काळात तीन गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात: जलसंपदाने वाटेतल्या बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढायचे, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने महावितरणने नदीकाठच्या शेतीपंपांचा पुरवठा काही तासांवर आणायचा, आणि महसूल-पोलिसांच्या पथकाने काठाने फिरायचे. यातली एक कडी ढिली पडली की पाणी तुमच्या जॅकवेलच्या, म्हणजे उपसा विहिरीच्या, आधीच संपते. पथकासाठी नगरपरिषदेने स्वतःचे वाहन आणि दोन माणसे दिली तर तक्रार करायला नैतिक जागा राहते आणि पाणी कुठपर्यंत आले हे रोज कळते.

मागणी कधी करायची, हे उलटे मोजून काढा. फाइल फिरायला १० दिवस, पाणी पोहोचायला १० दिवस, बिघाडासाठी ५ दिवस हाताशी, म्हणजे २५. तुमच्या बंधाऱ्यात २५ दिवसांचे पाणी उरले असताना पत्र गेले पाहिजे. मोजपट्टीवर रोजची पातळी लिहून ठेवली असेल तरच हा आकडा सांगता येतो. ‘पाणी संपत आलेय’ या वाक्याला काडा (लाभक्षेत्र विकास प्राधिकरण) ऑफिसात काही किंमत नाही. ‘आज १.८ मीटर आहे, रोज ६ सेंटिमीटर उतरते, १ मीटरखाली फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाचे पाण्यातले तोंड) उघडा पडतो’ याला आहे. ०.८ मीटर भागिले ०.०६, म्हणजे तेरा दिवस. वर सांगितलेल्या पंचवीस दिवसांच्या हिशेबाने हे पत्रही उशिराचेच.

वर्षाचे वेळापत्रक वेगळे. १५ ऑक्टोबरच्या धरणसाठ्यावर पाण्याचे नियोजन होते आणि नंतर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समिती आवर्तने ठरवते. पिण्याच्या पाण्याची मागणी सप्टेंबरअखेरीस काडाकडे आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलेली असावी. समितीच्या बैठकीत उठून मागणी करणे हे शेवटचे हत्यार आहे. तिथे शेतीच्या आवर्तनावरच एवढी रेटारेटी असते की छोट्या शहराचा आवाज भिंतीपर्यंतही पोहोचत नाही. पाणीपट्टीची थकबाकी असेल तर तीही बैठकीआधी निदान अंशतः भरा. थकबाकीदाराची मागणी टिप्पणीत ‘तथापि’ या शब्दाने सुरू होते.

जलाशयातून थेट उपसा असेल तर धोका वेगळा. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा ६३.६६ टीएमसी. मृतसाठा एवढा प्रचंड आहे म्हणून ‘उजनी मायनस’ गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपला, तरी पाणी दिसते, पण ते इनटेकपासून (उपशाच्या जागेपासून) लांब सरकते. मग दुबार, वेळ पडली तर तिबार पंपिंग. त्यासाठी तराफा, पंप, जादा केबल, तात्पुरती वीजजोडणी आणि जलाशयात उतरायची जलसंपदाची परवानगी लागते. ही परवानगी मे महिन्यात मागायची नसते, पातळी पाहून फेब्रुवारी-मार्चमध्येच मागायची. आणि उपसा केंद्र दुसऱ्या तालुक्यात असेल तर तिथल्या महावितरण उपविभागाच्या लाइनमनपर्यंतची पदनिहाय संपर्कयादी पंपचालकाच्या खोलीत भिंतीवर लावा. मुख्याधिकाऱ्यांच्या मोबाइलमध्ये ती असून उपयोग नाही, फीडर रात्री दोनला जातो.

रस्ता आणि रूळ ओलांडताना

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यासाठी अर्ज उपविभागाकडे जातो आणि मंजुरी कार्यकारी अभियंत्याकडून येते. अर्जात किलोमीटर, लांबी-रुंदी-खोली, डांबरी की काँक्रीट की साइडपट्टी, हे सगळे हवे. पावसाळ्यात परवानगीची आशा धरू नका. राष्ट्रीय महामार्ग असेल (जिल्ह्यातून ६५, ५२, १६६ असे बरेच जातात) तर परवाना करार आणि बँक हमी लागते. पाइप केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या संरक्षक पाइपातून, न्यावा लागतो आणि केसिंगचा माथा रस्त्याच्या पृष्ठभागाखाली निदान १.२ मीटर असावा लागतो. रेल्वेखालून जायचे असेल तर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाकडे नकाशे द्या, शुल्क भरा आणि वाट पाहा. योजनेच्या कालावधीत या मंजुरीसाठी सुरुवातीपासूनच मोठा वेळ धरा. शहरभर पाइप टाकून झालेत आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना तोंडे उघडी आहेत, हे चित्र टाळता येण्यासारखे असते.

ठेकेदाराने परवानगीआधीच खोदले तर दोष नगरपरिषदेवर येतो. शिवाय नुकताच झालेला रस्ता दोषदायित्व कालावधीत असतो, म्हणजे त्याची दुरुस्ती मूळ ठेकेदाराच्या अंगावर असते. तो फोडला की मूळ ठेकेदार पुढच्या प्रत्येक खड्ड्याचे खापर तुमच्यावर फोडतो. म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये बांधकाम खात्याला विचारा, यंदा शहरातला कोणता रस्ता नवा होणार आहे. तिथे काम सुरू होण्याआधी दर दोनशे-तीनशे मीटरवर आडवा रिकामा केसिंग पाइप टाकून ठेवा आणि त्याची जागा नकाशावर मांडा. हा खर्च किरकोळ आहे, आणि नकाशावर मांडला नाही तर तो पूर्ण वाया जातो.

पूर

नदीकाठच्या शहराने फक्त उजनीचा विसर्ग पाहून चालत नाही. नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, त्यामुळे पंढरपूरला येणारे पाणी म्हणजे उजनीचा विसर्ग अधिक नीरेवरच्या वीर धरणाचा विसर्ग, शिवाय मधल्या ओढ्यांचे. वरून काय येतेय ते दौंडच्या विसर्गावरून कळते. तिन्ही आकडे, वेळेसह, एकाच फळ्यावर लिहा. दिवसभर ११,५७४ क्युसेक वाहिले की एक टीएमसी होते, एवढे गणित पाठ असू द्या. सीना नदीचे आणखी अवघड आहे. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणे धाराशिव जिल्ह्याच्या बाजूची, म्हणजे तिथून सुटणाऱ्या पाण्याची खबर दुसऱ्या जिल्ह्याच्या यंत्रणेतून येते. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीनाकाठाने याची किंमत मोजली. जूनच्या पहिल्या आठवड्यातच त्या धरणांच्या शाखा अभियंत्यांना आणि तुमच्या तहसीलच्या नियंत्रण कक्षाला एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आणा, पण ग्रुपवरची सूचना म्हणजे आदेश नव्हे. घरे रिकामी करताना तहसीलदारांचा लेखी आदेश हातात असू द्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जलसंपदाने आखलेला नकाशा तुमच्या नगररचना टेबलावर आहे का, बघा. नसेल तर बांधकाम परवानगी देणारा माणूस डोळे बांधून सही करतोय.

वारीमार्गावरच्या गावांसाठी, म्हणजे नातेपुते, माळशिरस, अकलूज आणि अर्थात पंढरपूर, वेगळे प्रकरण लिहावे लागेल. इथे एवढेच: पालखीच्या नियोजनाचे इतिवृत्त आले की त्यातली तुमच्या नावावरची कामे वेगळी काढा आणि ‘इतर खात्यांच्या मदतीने’ असे जिथे लिहिले असेल तिथे त्या खात्याच्या कोणत्या माणसाने, कधी, कुठे उभे राहायचे हे लेखी विचारा. शौचालयांना पाणी कोण भरणार आणि मैला टँकर कुठे रिकामा होणार, हे दोन प्रश्न दरवर्षी शेवटच्या दिवसापर्यंत लोंबकळतात.

शेजारची ग्रामपंचायत

हद्दीबाहेरच्या वस्तीला पाणी देत असाल तर हद्दीवर बल्क मीटर बसवा. महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन्हीकडच्या माणसांनी मिळून रीडिंग घ्यायचे, दोघांनी सही करायची. करारात दर, भरायची मुदत, टंचाईत कपात किती आणि थकल्यावर काय, हे चार मुद्दे हवेत. मीटर नसेल तर वर्षभराने ‘एवढे पाणी आलेच नाही’ हे उत्तर ठरलेले. सरपंचांशी बोलणे गोड असले तरी सरपंच बदलतात.

कचरा डेपोचे भांडण याहून जुने. शहराला जागा हवी असते आणि ती शेजारच्या गावच्या गायरानात दिसते. २०११ पासून गायरानावर शासनाचे निर्बंध कडक आहेत, त्यामुळे जागा निवडतानाच तहसीलदारांकडून पर्यायी शासकीय जमिनींची यादी मागा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी भरावभूमीसाठी नदीपासून १०० मीटर आणि तळे, महामार्ग, वस्ती, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांच्यापासून २०० मीटर अंतर सांगितले होते. अर्जाआधी लागू नियम पुन्हा तपासा, मोजणी करून घ्या, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा. ग्रामसभेला सामोरे जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका. त्या गावचा कचराही तुम्ही उचलणार का, रस्त्यावर कचरा न सांडता बंद गाड्या येणार का, उन्हाळ्यात डेपोला आग लागली तर बंब किती मिनिटांत येणार, हे लेखी द्या. गावाचा विरोध बहुतेक वेळा डेपोला नसतो, आधीच्या डेपोच्या धुराला असतो.

पैसा आणि माणसे

जिल्हा नियोजन समितीतून नगरोत्थान, नागरी वस्ती सुधारणा असे निधी येतात. जिल्हाधिकारी तिचे सदस्य सचिव. क्रम ठरलेला आहे: ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. प्रस्ताव अडतो तो बहुधा जागेच्या कागदावर, म्हणून पहिल्या रजिस्टरमधला ‘पुरावा’ हा रकाना. आधीच्या निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र बाकी असेल तर नवा हप्ता मागायला तोंड राहत नाही. मार्चमध्ये सगळे धावतात. ऑगस्टमध्ये अंदाजपत्रके तयार ठेवणारी नगरपरिषद डिसेंबरात शिल्लक निधी उचलते.

अधिकारी साधारण तीन वर्षांत बदलतात. मुख्याधिकारी, प्रांत, कार्यकारी अभियंता एकाच वर्षी बदलले की तोंडी ठरलेले सगळे पुसले जाते. म्हणून प्रत्येक बैठकीनंतर त्याच संध्याकाळी पाच ओळींचे इतिवृत्त मेलने पाठवा: काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. नवा अधिकारी रुजू झाला की पहिल्या आठवड्यात हार-तुरे बाजूला ठेवून प्रलंबित विषयांचा एक पानी तक्ता घेऊन जा, त्यात प्रत्येक विषयापुढे त्यांच्याच कार्यालयाचा आवक क्रमांक लिहिलेला. तो क्रमांक असला की साहेब लिपिकाला हाक मारून नस्ती मागवतात.